तिची वकिली, माझी बस

मी फौजेत तोफखान्यात गाडी चालवायचो. कराडजवळच्या आमच्या गावात यात सांगण्यासारखं काही नाही. तिथं एक घर सोडलं की दुसऱ्या घरात फौजी असतोच. बारावी झाली, भरतीला गेलो, छाती भरली, धावलो आणि लागलो. बर्फाच्या घाटांतून तोफा ओढत हवालदार झालो. आणि ज्या वर्षी नायब सुभेदारीच्या कोर्सला माझं नाव लागलं, त्याच वर्षी मी फौज सोडली.

त्या सुट्टीत मी ही बातमी घेऊनच घरी आलो होतो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अख्ख्या आळीत पेढे वाटले. आई आदल्या वर्षी गेली होती. तिच्या दुखण्यात दोन वर्षं तिचं सगळं बायकोनंच केलं. आईच्या उशाशी बसून तिनं मुक्त विद्यापीठातून बी.ए. पूर्ण केलं, ते मला पत्रांतून आणि फोनवरून कळत होतं. मी "वा, छान" म्हणायचो. त्यापुढं काही असेल असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पोरगी तेव्हा सहावीत. तिला शाळेचे बूट घ्यायला आम्ही तिघं कराडला गेलो. दुकानदारानं नंबर विचारला तर मी बायकोकडं बघितलं. पोरीच्या पायाचा नंबर मला ठाऊक नव्हता. बायकोनं सांगितला. नंतर नद्यांच्या संगमावर जाऊन बसलो. पोरगी नवे बूट घालून घाटाच्या पायऱ्या चढ-उतर करत होती. तेव्हा बायको म्हणाली की तिनं वकिलीची प्रवेश परीक्षा दिली होती, ती पास झाली आहे आणि सांगलीच्या कॉलेजात नंबर लागतोय.

मला आनंद झाला आणि लगेच अडचणीही दिसायला लागल्या. मी म्हणालो, कोर्स होऊ दे, सुभेदारी मिळू दे, मग चार-सहा वर्षांत मी येतोच, मग तू निवांत सुरू कर.

ती पाण्याकडं बघत होती. तशीच, आवाज न चढवता म्हणाली, "तुमचं झालं की मग माझं, असं तुमी कवा म्हणाला न्हाईत. मीच तसं धरून चालले होते. पर तुमचं कवा होणार, ते तुमाला तरी ठाव हाय का?"

मला ठाव नव्हतं. नायब सुभेदारीनंतर सुभेदार, मग सुभेदार मेजर. ती शिडी मी कधी वर मान करून पुरी पाहिलीच नव्हती, फक्त पुढच्या पायरीला हात घालत आलो होतो. तरुणपणी मला नोकरी हवी होती, वर्दी हवी होती, गावात मान हवा होता. ते सगळं मिळून गेलं होतं. आता काय हवं, हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. गावाकडं परतताना एसटीत पोरगी माझ्या खांद्यावर झोपली. तिचं वजन खांद्याला नवं वाटलं, तेव्हाच माझं बरंचसं ठरून गेलं होतं.

युनिटला परत जाऊन मी पेन्शनीत जायचा अर्ज दिला. साहेबांनी बोलावून घेतलं. आमचे कमांडिंग ऑफिसर मोजकं बोलणारे होते. प्रमोशन समोर असताना घरी का चाललास, असं त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं: बायकोला वकिली शिकायची आहे. मला वाटलं, हसतील. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मेरी बीवी डॉक्टर थी. मेरी पोस्टिंगों में सब छूट गया." मग अर्जावर सही केली आणि माझ्याशी हात मिळवला.

गावात मात्र हसले. पारावर माझ्या मागं काय बोललं जातं ते मला कळत होतं. आबांनी तर तोंडावरच विचारलं, "बायकू शिकणार म्हणून फौज सोडलीस व्हय रं? लोक काय म्हंतील?"

"म्हंतील चार दिस," मी म्हणालो.

आबा माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. शेत चुलतभावानं वाट्यानं घेतलं, आबा गावीच त्याच्याकडं राहिले, आणि आम्ही सांगलीत बाजारपेठेमागच्या एका गल्लीत माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या.

फौजेतल्या माझ्या एका जुन्या जोडीदारानं साताऱ्याच्या एमआयडीसीत माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. सिक्युरिटी सुपरवायझर, टेबल, खुर्ची, हाताखाली माणसं. माजी सैनिकाला शोभेल अशी. पण तिथं पाळ्या होत्या. आज दिवसाची, उद्या रात्रीची. मी नाही म्हणालो आणि सांगलीतच शाळेची बस चालवायला लागलो. जोडीदाराला वाटलं, माझं डोकं फिरलं. मी त्याला समजावलं की सध्या मला हुद्दा नको, दुपार हवी आहे. सकाळी पोरं सोडली की मी मोकळा, आणि दुपारी पुन्हा पोरं घरी पोचवली की संध्याकाळपासून मोकळा. माझी पोरगीही त्याच बसनं जायची. पुढच्या सीटवर बसून ती मला दिवसभराच्या बातम्या द्यायची. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या डब्यात काय होतं, असलं सगळं. फौजेत असताना यातलं काहीच माझ्या कानावर आलं नव्हतं.

स्वयंपाक माझ्याकडं आला. आमटी, भात जमला. मेसमध्ये पाहिलेलं होतं. भाकरीनं मात्र छळलं. कडा फाटायच्या, तव्यावर टाकताना घडी पडायची. पोरगी माझ्या भाकरीचा नकाशा ओळखायचा खेळ करायची. "आज राजस्थान हाय," म्हणायची. दिवाळीपर्यंत भाकरी गोल झाली. आणि टम्म फुगली त्या दिवशी मी बायकोला पुस्तकावरून उठवून दाखवायला नेलं.

तिचं सोपं नव्हतं. वर्गात सगळी विशी-बाविशीची पोरं. तिला काकू म्हणायची. पहिल्याच वर्षी करार कायद्याच्या विषयात ती नापास झाली. त्या दिवशी तिनं पुस्तकं बांधून कपाटावर टाकली. म्हणाली, आपल्यासाठी सगळ्यांनी घर सोडलं आणि आपण हे केलं. पोरगी वहीतून मान वर न करता म्हणाली, "मग परत द्यायचा की पेपर. आमाला बी देतात." बायकोला हसू आलं. पुस्तकं खाली आली. पुढं काकूची ताई झाली, आणि परीक्षा जवळ आली की तीच पोरं आमच्या खोलीत तिच्याकडून शिकायला बसू लागली. त्यांनाही भाकरी मीच घालायचो. त्या सुमारास आबा एकदा काहीतरी निमित्त काढून आले, जेवले, आणि जाताना एवढंच म्हणाले, "भाकरी बरी करतुस."

पास झाली, सनद मिळाली, काळा कोट आला. एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली ती दोन-तीन वर्षं राबली. तारखा घेणं, नकला काढणं, साहेबांच्या मागं उभं राहणं. मग तिची स्वतःची पहिली मोठी केस आली, ती आमच्याच जिन्याखालून.

खाली एका म्हाताऱ्या चाचींचं बांगड्यांचं दुकान होतं. नवऱ्यामागं ते दुकान त्यांनीच चालवलं होतं, गल्लीतल्या किती पोरींच्या लग्नाचा चुडा त्यांनी भरला होता. इमारत नव्या मालकानं घेतली आणि एका सकाळी चाची आल्या तर शटरला त्याचं कुलूप. नोटीस नाही, काही नाही. आत सगळा माल, आणि तोंडावर लग्नसराई. चाची जिना चढून आल्या आणि बायकोला म्हणाल्या, मला दुसरा वकील माहीत नाही.

समोरच्या बाजूनं नावाजलेले वकील उभे राहणार होते. बायकोनं तिच्या ज्येष्ठांना विचारलं, तर ते म्हणाले, तूच चालव, मी येणार नाही. ती हो म्हणाली खरी, पण आठवडाभर तिला जेवण गेलं नाही.

सुनावणीच्या दिवशी मी बस लावून खाकी कपड्यांतच कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसलो. समोरचे वकील मोठ्या आवाजात, मजेत बोलले. बाईंनी दुकान आपणहून सोडलं, असं त्यांचं म्हणणं. मग बायको उठली. सुरुवातीला आवाज इतका बारीक की न्यायाधीशबाईंनी मोठ्यानं बोला म्हणून सांगितलं. तिनं पदर नीट करावा तसा गाऊन खांद्यावर सारखा केला आणि म्हणाली, "दुकान सोडणारं माणूस आपला माल आत ठेवून जात नाही. आणि ज्याला कायद्यानं जागा हवी असते, तो कुलूप घेऊन येत नाही, कोर्टात येतो."

त्यानंतर तिचा आवाज कुठंही खाली आला नाही. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडं उत्तर होतं. संगमावर पाण्याकडं बघत बसलेली तीच बाई मला समोर दिसत होती. तेव्हाही आवाज न चढवता ती असंच बोलली होती. मला पोरं आणायला निघायचं होतं. मी उठलो तेव्हा ती बोलतच होती.

तात्पुरता हुकूम लांबणार नाही असं ज्येष्ठ म्हणाले होते, तसंच झालं. दावा पुढं चालेल, पण तोवर दुकान चाचींना उघडून द्यावं, असा हुकूम झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं पोर सोडून मी बस घेऊन गल्लीच्या तोंडाशी आलो, तर आत जाता येईना एवढी गर्दी. कोर्टाचा बेलिफ हुकूम घेऊन उभा होता. शटर वर गेलं होतं आणि उन्हात सगळ्या बांगड्या एकदम चमकत होत्या. चाचींनी बायकोला गादीवर बसवलं होतं.

"बेटी, हात दे," त्या म्हणाल्या, आणि गल्लीदेखत त्यांनी माझ्या बायकोच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. त्या दिवसापासून तिला आमच्या भागात सगळे वकीलबाई म्हणतात. मला वकीलबाईंचे मिस्टर म्हणतात. सुभेदार साहेब म्हणवून घेतलं असतं तरी छाती याहून फुगली नसती.

ती केस पुढं चाची जिंकल्या. कामं वाढली. आता बायको कराडला, साताऱ्याला जिल्हा कोर्टातही जाते. पोरगी कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेली, हॉस्टेलवर राहू लागली. शाळेच्या बसमध्ये तिच्या पुढच्या सीटवर दुसऱ्याच कुणाची तरी पोरगी बसायला लागली. दुपार मोकळी असायची, पण ती कुणासाठी राखायची ते कळेना. एका रविवारी बायकोनंच विषय काढला.

"आता तुमाला काय करायचंय?" तिनं विचारलं. "घरासाठी न्हवं. तुमाला."

या वेळी मला उत्तर ठाऊक होतं. मला शिकवायचं होतं. बायकोला साताऱ्याला जायचं म्हणून मीच तिला गाडी शिकवली होती, आणि शिकवताना माझ्या लक्षात आलं होतं की घाबरलेल्या माणसाशेजारी मला शांत बसता येतं. घाटात नव्या पोरांना चालवायला देताना हेच करत आलो होतो. मी बस सोडली, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली एक जुनी गाडी घेतली आणि फक्त बायकांसाठी ड्रायव्हिंग क्लास काढला.

पहिल्या तुकडीत चौघी होत्या. एक निवृत्त शिक्षिका, दोघी बहिणी आणि बाजारात हळदीची अडत सांभाळणारी एक सून. शिक्षिका साठीच्या पुढच्या. क्लच सोडताना डोळे मिटायच्या. मी रोज एवढंच सांगायचो, बाई, डोळे उघडे ठेवा, बाकी गाडी बघेल. आरटीओच्या मैदानावर परीक्षेच्या दिवशी त्या सगळ्यांत शेवटी बसल्या. आठाचा आकडा त्यांनी इतका सावकाश काढला की इन्स्पेक्टरनं दोनदा घड्याळ बघितलं. पण मैदानात रोवलेली एकही खुंटी पडली नाही. चौघीही पास.

मैदानाबाहेर आल्यावर त्यांनी मला गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. उभ्या आयुष्यात मी तिथं क्वचितच बसलो असेन. शिक्षिकाबाई स्टिअरिंगवर, शेजारी अडतवाली सून, आणि माझ्या दोन्ही बाजूंना त्या बहिणी. गाडी हरिपूरच्या रस्त्याला लागली. झाडांच्या सावल्या काचेवरून सरकत होत्या. बाईंनी एका ट्रॅक्टरला हॉर्न दिला, आरशात बघितलं आणि त्याला मागं टाकून पुढं काढली. मी पाय मोकळे सोडून निवांत बसलो होतो.