एकशे सतरा नंबरच्या फायली

आक्काताई कुरणे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत टायपिस्ट म्हणून लागली ती १९७६ साली. तिचे वडील गुंडू कुरणे त्याच फौंड्रीत मोल्डर होते. वाळूचे साचे बांधण्यात त्यांची उभी हयात गेली होती. पोरीनं भट्टीच्या धगीत उभं राहू नये, एवढंच त्यांचं मागणं. आक्काताई मॅट्रिक झाली, टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या, आणि सिद्धार्थनगरातल्या विहाराच्या वाचनालयाचं रजिस्टर चार वर्षं सांभाळलं. कुठलं पुस्तक कुणाकडं गेलं हे तिला रजिस्टर न उघडता सांगता यायचं.

दहा वर्षं तिनं पत्रं टाइप केली. मग १९८६ साली फौंड्रीत कॉम्प्युटर आला. कपाटाएवढा डबा आणि त्याला जोडलेले तीन पडदे. त्याच्यासोबत नृसिंह देशिंगकर नावाचा इंजिनिअर नोकरीला घेतला होता. मिरजेचा, अबोल माणूस. भट्टीत भंगार किती टाकायचं, कच्चं लोखंड किती, सिलिकॉन किती, याचा हिशोब करणारा प्रोग्राम त्यानं सी या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला. ऑफिसातली बाकीची माणसं त्या डब्याला हात लावायला बिचकत होती. आक्काताई बिचकली नाही, म्हणून नृसिंहनं तिलाच शिकवलं. दीड वर्षानं त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला.

तेव्हापासून मशीन आक्काताईच बघायची. हजेरीपटावर मात्र टायपिस्टच. मशीनवर सगळं करू देणारं एक मुख्य खातं असतं, त्याला रूट म्हणतात. त्याचा पासवर्ड वर्क्स मॅनेजर भाऊसो इंगवले यांच्या कपाटात, लाखेनं बंद केलेल्या पाकिटात होता. ते पाकीट टायपिस्टच्या हाती द्यायचं नाही, असं मालक अण्णांनी नृसिंह जाताना ठरवून टाकलं होतं. आक्काताईला त्याचं वाईट वाटलं होतं, पण ती कुणाजवळ बोलली नव्हती.

१९८८च्या फेब्रुवारीत वीज सारखी जायला लागली. एका दुपारी मशीन तसंच धाडकन बंद पडलं. परत चालू झालं तेव्हा सगळं ठीक दिसलं, फक्त सी कंपायलर चालेना. लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल अशा रूपात आणणारं ते हत्यार. ते नसलं तरी जुना प्रोग्राम चालत होता, पण त्यात बदल करता येत नव्हता. आणि बदल तर हवाच होता. एका पंप कारखान्यानं नव्या प्रतीच्या लोखंडाची ऑर्डर दिली होती, आणि त्याची पहिली भट्टी सोमवारी लागायची होती.

मशीन पुरवणाऱ्या कंपनीनं पुण्याहून टेप पाठवली. सोबत चार ओळींचं पत्र : जुना कंपायलर काढून टाका, टेपवरून नवा बसवा. टेप गुरुवारी सकाळी आली. आक्काताईनं जुन्या फायली काढण्याची आज्ञा दिली. पडद्यावर एकाखाली एक ओळी उमटल्या, सगळ्यांचा शेवट एकच, परवानगी नाकारल्याचा. परमिशन डिनाइड.

जुनं न काढता वरूनच नवं बसवून बघितलं. तेच उत्तर. तिनं पुण्याला फोन लावला.

"मी काढाय बघतो, तर काढू देत न्हाय," ती म्हणाली. कोल्हापूरच्या कितीतरी बायकांसारखी तीही स्वतःबद्दल 'करतो, बघतो' असंच बोलायची.

पलीकडचा माणूस क्षणभर गोंधळला. "तुमचे साहेब आहेत का तिथे? त्यांच्याकडे द्या."

"साहेबास्नी यातलं काय ठावं न्हाय. मला सांगा की."

"मग रूटनं करा. सगळ्या फायली सगळ्यांना खुल्या करून टाका, प्रश्नच मिटेल," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

आक्काताईनं लगेच भाऊसोंकडं धाव घेतली नाही. आधी तिनं कंपायलरच्या फायलींची यादी पडद्यावर काढली. मशीन प्रत्येक फायलीपुढं मालकाचं नाव दाखवतं. इथं नावाच्या जागी नुसता आकडा होता, एकशे सतरा. तिचा स्वतःचा नंबर एकशे अठरा. तिच्या आधी खातं उघडलं होतं ते नृसिंहचं. कंपायलर त्यानं स्वतःच्या नावावर बसवला होता, आणि तो जाताना भाऊसोंनी त्याच्याकडूनच ते खातं पुसून घेतलं होतं. नाव गेलं, फायली मात्र त्याच नंबरच्या राहिल्या. मालकच नाही, तर परवानगी द्यायची कुणी?

तिनं हे एका कागदावर लिहिलं आणि तो घेऊन भाऊसोंच्या केबिनीत गेली.

भाऊसो शिवाजी पेठेतले. आवाज मोठा, मनात काही नाही. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "म्हंजे त्यो गेला तरी कुलूप त्याचंच हाय म्हण की."

"व्हय. पाकीट फोडावं लागतंय."

पाकीट घेऊन भाऊसो स्वतः येऊन बसले. पासवर्ड टाकताना त्यांनी डाव्या हातानं कळफलक झाकला. आक्काताई खिडकीकडं बघत उभी राहिली. मग ती सांगत गेली आणि भाऊसो एकेका बोटानं टाइप करत गेले. जुनं निघालं, नवं बसलं. पाऊण तासानं भाऊसो उठले, हात झटकले आणि भट्टीकडं गेले.

आक्काताईनं आपल्या खात्यातून कंपायलर चालवला. परमिशन डिनाइड.

ती खुर्चीवर बसली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं पुसलं आणि पुन्हा यादी काढली. आता मालकाच्या जागी रूट होतं. कुणाला काय करायची मुभा आहे हे सांगणारी पुढची अक्षरं तिनं नीट चालणाऱ्या दुसऱ्या एका प्रोग्रामच्या अक्षरांशी एकेक करून ताडून पाहिली. तिथं इतरांसाठी वाचायची आणि चालवायची मुभा होती, इथं त्या जागी नुसत्या आडव्या रेघा. नृसिंह सावध माणूस. रूटनं केलेली कुठलीही वस्तू बाकीच्यांना बंद राहावी, अशी व्यवस्था त्यानं लावून ठेवली होती.

तिनं निरोप पाठवल्यावर भाऊसो परत आले ते वैतागूनच. "पुण्याचा त्यो काय म्हणाला? सगळं सगळ्यास्नी खुलं करा. करून टाकू की."

"नको," आक्काताई म्हणाली. "मग कुणीबी बसंल आणि कायबी पुसंल. चुकून पुसलं तरी गेलंच. वाचाय आणि चालवाय तेवढं द्यायचं. बदलाय न्हाय."

"आणि परत अडलं की मी परत यायचं? भट्टी कुणी बघायची?"

"ते तुमी अण्णास्नी विचारा."

हे ती सरळ आवाजात म्हणाली. भाऊसो पुन्हा मशीनपुढं बसले. ती सांगेल तेवढ्याच दोन आज्ञा त्यांनी टाइप केल्या. कंपायलर चालला.

शुक्रवारी आणि शनिवारी आक्काताईनं प्रोग्राममध्ये नव्या प्रतीचे आकडे घातले. तिकडं केमिस्ट बाळासो घाटगे यांनी मशीनची वाट न बघता कागदावर हिशोब करून ठेवला होता. सोमवारी भट्टी लागली ती बाळासोंच्याच कागदावर. प्रोग्रामचं उत्तर त्याहून सिलिकॉनमध्ये दोन किलोंनी वेगळं आलं. बाळासोंनी आपली बेरीज तपासली, कच्च्या लोखंडाचा एक आकडा गळला होता. चूक छोटी होती, ओतकाम चांगलं निघालं. पुढच्या भट्टीपासून ते प्रोग्रामचा कागद मागायला लागले.

भाऊसोंनी अण्णांना विचारलं, पण लगेच नाही, महिन्याभरानं. अण्णांनी आक्काताईला बोलावलं. ते हळू बोलायचे, समोरच्याला पुढं वाकून ऐकावं लागायचं.

"पाकीट तुझ्याकडं दिलं तर काय करशील?"

"नवा पासवर्ड घालीन. त्याची एक नक्कल पाकिटात बंद करून भाऊसोंच्या कपाटात ठेवीन. रूटनं काय केलं ते तारखेसह वहीत लिहीन."

"असं नृसिंह करायचा?"

"न्हाय. त्यो डोक्यात ठेवायचा."

अण्णांनी मान डोलावली. त्या दिवशी पासवर्ड तिच्याकडं आला. पद बदलायला आणखी दीड वर्ष गेलं. १९८९च्या दिवाळीनंतरच्या पत्रावर तिच्या नावापुढं संगणक साहाय्यक असं आलं, आणि ते पत्र टाइप करायलाही तिलाच सांगितलं होतं. तिनं ते केलं, सहीसाठी आत पाठवलं.

घरी वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांना नवं पद नीट उमगलं नाही. "म्हंजे टायपिंग सुटलं?" त्यांनी विचारलं. आई धोंडुबाई चुलीपाशी होती, तिनं भाकरी थापता थापता तेच पुन्हा विचारलं. सुटलं नाही, असं आक्काताईनं सांगितलं. तिच्या जागी दुसरी टायपिस्ट आलीच नाही, त्यामुळं पत्रं आणि मशीन दोन्ही ती पुढं बरीच वर्षं बघत राहिली.