पोर्चची शोभा

अमेरिकेत, ट्रॉय गावी आमचा आणि शेजारच्या पुणेकर गृहस्थांचा पोर्च एकच होता. घसा खाकरल्याशिवाय ते बोलत नसत. माझी आई वॉकर घेऊन चालायची, म्हणून सिटीने रॅम्प बांधून दिला, तेव्हा ते खाकरून म्हणाले, "यार, रिसेल व्हॅल्यू गेली." पुढे त्यांचा प्लाझ्मा टीव्ही आणि बर्फ हटवायचा स्नो ब्लोअर त्याच रॅम्पवरून वर गेले, मुकाट्याने. मग त्यांच्या आई पुण्याहून आल्या, गुडघे धरत. गृहस्थांनी बॅगा रॅम्पवरून ढकलल्या आणि त्यांना पायऱ्या दाखवल्या.

"जरा एक्सरसाइज होऊ दे, आई."

माझी आई वॉकर टेकत रॅम्पच्या तोंडाशी गेली.

"इकडून या हो," ती त्यांना म्हणाली. "इथून माणसांनाही चालतं."