कोरडं भांडं

नागपंचमीला आईने माझ्या अजगराच्या काचेच्या पेटीत दुधाची वाटी ठेवली. हातभर लांबीचं ते विदेशी पिल्लू म्हणजे मी पाळलेला पहिला साप. "अगं, साप दूध पीत नाहीत," मी हसत म्हणालो. पण तो सरपटत आला आणि पीतच राहिला. "बघ, प्यायला की रे!" म्हणत आईने हात जोडले.

माझं हसू तिथेच थिजलं. साप दूध पितो तो तहानेने जीव कासावीस झाला तरच. कोपऱ्यातलं पाण्याचं भांडं कोरडं ठणठणीत होतं. कधीपासून, ते मलाच आठवेना. कुत्रं भुंकतं, मांजर पायांत घोटाळतं. हा काहीच मागत नव्हता, आणि न मागणाऱ्याला मी सुखी समजत होतो.

मी लगेच भांडं भरलं, पण उशीर झाला होता; चौथ्या दिवशी तो गेला. आई अजून कौतुकाने सांगते, "आमच्याकडे नागोबा खरंच दूध प्यायला." तो का प्यायला, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.