मार्सेलचा घास

निघोज्याच्या रुक्मिणीबाईंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू असायचं आणि त्या कुंकवावरून गावात साठ वर्षं कुजबुज चालली होती. दुसऱ्याच्या कपाळाची उठाठेव गावानं का करावी, हे आपण विचारू नये. गावाला तेवढंच काम असतं.

बाईंचा नवरा मारुती खडकीच्या सॅपर पलटणीत होता. खंदक खणायचे, पूल बांधायचे, असलं काम. चौदा सालची लढाई पेटली आणि पलटण बोटीत बसून फ्रान्सला गेली. मार्सेल नावाच्या बंदरावरून त्याचं एक कार्ड आलं. बंदर मोठे आहे, थंडी आहे, आईने काळजी करू नये, एवढंच. बायकोला म्हणून दोन शब्द वेगळे लिहायची तेव्हा रीत नव्हती. मग काही महिन्यांनी सरकारी कागद आला की शिपाई बेपत्ता आहे. मेला असं कुणी म्हणेना, जिता आहे असंही कुणी म्हणेना. बाई तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. सासरा म्हणाला, "मढं बघितल्याबिगर कुकू पुसायचं न्हाई." झालं. तेवढ्या एका बोलण्यावर त्या पोरीचा सबंध जन्म गेला.

पुढं सासरा गेला, सासू गेली, धाकटा दीर गेला. त्या दिराचा मुलगा म्हणजे आपले सोपानराव येळवंडे. त्यांची आई बाळंतपणात गेली आणि चुलतीनं त्यांना वाढवलं, म्हणून ते तिला थोरली आई म्हणत. शिकले बेताचंच, पण हात चांगला. पिंपरीच्या एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर म्हणून लागले, पुढं सुपरवायझर झाले. आठवडाभर पिंपरीला खोलीवर राहायचं आणि सुट्टीला निघोज्याला यायचं, असा त्यांचा शिरस्ता.

थोरल्या आईचं सगळं आयुष्य धड ना अलीकडं, धड ना पलीकडं असं चाललं होतं. ओटी भरायला तिला बोलवावं तर बायका चाचरायच्या, न बोलवावं तर कपाळ समोर दिसायचं. तीच मग सणावाराला आपणहून मागं राहायला शिकली. पण त्याचं तिला फारसं काही नव्हतं. तिला खरा घोर लागायचा तो भाद्रपदात. पितरांची पानं मांडायची तेव्हा आज्याचं पान, पणज्याचं पान, सोपानरावांच्या आईचं पान, सगळ्यांसाठी तीच रांधायची. मारुतीचं पान मात्र नसायचं. कुंकू जिवंत असताना त्याच्या धन्याला पान कसं वाढणार?

चौऱ्याहत्तर साली कंपनीनं लिआँ शहरातल्या एका कारखान्याकडून मोठं ग्राइंडिंग मशीन घेतलं. ते शिकून यायला दोघांना पाठवायचं ठरलं. एक सुरेंद्र नावाचा सांगवीचा तरुण इंजिनियर आणि दुसरे सोपानराव. गावात पेढे वाटले गेले. थोरल्या आईनं पेढा घेतला, पण खाल्ला नाही. "फ्रान्स म्हंजी त्योच ना?" एवढंच तिनं विचारलं.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं सोपानरावांच्या हातात एक पुरचुंडी दिली. आत घरचे तांदूळ होते आणि चिमूटभर काळे तीळ.

"सोपाना, त्ये जर मेलं असत्याल, तर साठ वरसं उपाशी हायेत. माझ्या ह्या कुकवापायी. मला दुसरं काय बी नगं. तू जाऊन बघ. त्येंचं नाव कुठं दिसलं तर घास ठिव. कावळा शिवला का न्हाई, तेवढं येऊन सांग."

"आन न्हाई दिसलं तर?"

"तर न्हाई म्हनून सांग. पर मला बरं वाटावं म्हनून खोटं बोलू नगंस."

खडकीच्या एका निवृत्त सुभेदारांकडून सोपानरावांनी चौकशी करून घेतली होती. मार्सेलच्या बाहेर माझार्ग म्हणून भाग आहे, तिथं आपल्या शिपायांचं कबरस्तान आहे, ज्यांना अग्नी दिला त्यांचीही नावं दगडावर कोरलेली आहेत. लिआँहून तिथं रेल्वेनं जाता येत होतं. अडचण एकच होती, ती म्हणजे पैसा. कंपनी रोजचा भत्ता द्यायची तो त्या देशात एका वेळच्या जेवणालाच पुरायचा. सोपानरावांनी मग जेवणच सोडलं. सकाळी पाव, संध्याकाळी पाव, सोबत घरून आणलेली चटणी. हॉटेलासमोरून जाताना ते रस्ता ओलांडून पलीकडून चालत. पॅन्टच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. तांदळाची पुरचुंडी उशाशी होती, पण तिला त्यांनी हात लावला नाही.

सुरेंद्र बिचारा मनाचा चांगला होता. "अहो सोपानराव, फ्रान्सला येऊन पॅरिस सोडून मार्सेलला कोण जातं? आणि जायचंच आहे तर मी देतो ना पैसे. पगार झाला की परत करा."

"नको साहेब," सोपानराव म्हणाले. "हे काम उसन्यावर करायचं नसतं."

शेवटच्या रविवारी पहाटे त्यांनी, लिआँत ज्या घरी ते उतरले होते तिथल्या घरमालकिणीच्या शेगडीवर, भात शिजवला. ती दारात उभी राहून बघत होती. भात डब्यात भरला, तीळ वर टाकले आणि सोपानराव पहिल्या गाडीनं निघाले.

मार्सेलचं स्टेशन उंचावर आहे. बाहेर आलं की दगडी पायऱ्यांचा भलामोठा उतार आणि खाली सगळं शहर. अडीच हजार वर्षांचं जुनं गाव, असं सुरेंद्रनं पुस्तकात वाचून सांगितलं होतं. लाल कौलं, टेकडीवर देवीचं देऊळ असावं तसं एक चर्च आणि त्याच्या डोक्यावर सोन्याचा मुलामा दिलेली आई आणि तिचं बाळ. लोक तिकडं चढत होते, फोटो काढत होते. सोपानरावांनी खालूनच हात जोडले आणि वाट धरली. बसला पैसे द्यायचे तर परतीच्या वेळी काही अडलं तर काय, म्हणून ते चालत निघाले. वारा असा सुटला होता की टोपी हातात धरावी लागली.

कबरस्तान बघून त्यांना भडभडून आलं. किती स्वच्छ होतं ते. गवत कापलेलं, पांढरे दगड ओळीनं उभे, दगडांच्या पायाशी फुलं. आपल्याकडं जित्या माणसांची इतकी निगा कुणी राखत नाही. ते एकेका नावावर बोट ठेवून वाचत गेले. सिंग होते, खान होते, गुरुंग होते. मग शिंदे निघाले, जाधव निघाले. एका ठिकाणी मारुती दिसला आणि बोट तिथंच थांबलं. पण आडनाव दुसरं होतं. कुण्या दुसऱ्याच घरचा मारुती होता तो. सोपानरावांनी सगळे दगड वाचले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. त्यांचा मारुती तिथं नव्हता.

पाणी घालणारा म्हातारा माळी मघापासून त्यांच्याकडं बघत होता. सोपानरावांनी त्याला लिआँत शिकलेल्या मोडक्या शब्दांत सांगितलं, माझा चुलता, मिळाला नाही. माळ्यानं मान हलवली. हातानं जमीन दाखवली, मग रिकामे तळवे दाखवले आणि मग उत्तरेकडं बोट करून दूर, खूप दूर अशी खूण केली. जे सापडलेच नाहीत त्यांची नावं तिकडं, जिथं लढाई झाली तिथं होती. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. सोपानरावांच्या खिशात परतीचं तिकीट होतं आणि उद्या सकाळी कारखान्यात हजर व्हायचं होतं. एवढे दिवस पोट मारलं ते चुकीच्या गावाला यायला. ते तिथंच गवतावर बसले आणि लहान पोरासारखे रडले.

तिथं घास ठेवावा असं त्यांच्या मनात आलं, पण हात पुढं होईना. ते सगळे आपापल्या नावानं झोपलेले. दुसऱ्याच्या दारात आपल्या माणसाचं पान कसं वाढायचं? मग त्यांना कार्ड आठवलं. बंदर मोठे आहे. चुलत्याचा पाय दुसरीकडं कुठं लागला ते देवाला ठाऊक, पण या बंदराला लागला होता हे नक्की.

ते पुन्हा चालत जुन्या बंदरावर आले. तोंडाशी दोन किल्ले, आत होड्यांची दाटी, मासळीचा वास. धक्क्याच्या एका कोपऱ्यात त्यांनी झाडाचं रुंद पान पसरलं, त्यावर भात ठेवला, पाणी फिरवलं आणि मागं सरून उभे राहिले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. भाताकडं बघून तोंडाला पाणी सुटत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

कावळा काही येईना. त्या सबंध आभाळात एक कावळा नव्हता. पांढरे समुद्रपक्षी होते, ते वर ओरडत फिरत होते, पण पानाकडं ढुंकून बघत नव्हते. घास अडला की बोलतात ते सगळं सोपानरावांनी बोलून पाहिलं. "जमीन सांभाळलीया, इकली न्हाई. घर शाबूत हाय. पोरं शिकत्यात." काही नाही. ऊन उतरायला लागलं, गाडीची वेळ होत आली. शेवटी ते हात जोडून म्हणाले, "चुलत्या, थोरल्या आईला मी अंतर देणार न्हाई. शेवटपोतर तिचं सगळं मी करीन."

तेवढ्यात एक पांढरा पक्षी खाली आला, दोन पावलं चालला आणि घास उचलून गेला.

विमानात सुरेंद्रनं सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, "सांगून टाका हो, नाव सापडलं, कावळा शिवला. म्हातारं माणूस आहे, सुटेल बिचारी." सोपानरावांनाही ते पटत होतं. खोटं बोलणं सोपं होतं आणि पुण्याचंही वाटत होतं. निघोज्याला पोचेपर्यंत त्यांचा जीव वरखाली होत राहिला.

थोरली आई ओट्यावर बसली होती. तिनं त्यांच्या खोल गेलेल्या गालांकडं पाहिलं आणि सोपानरावांच्या तोंडून सगळं खरंच बाहेर पडलं. नाव न्हाई. कावळा न्हाई. एक पांढरा पक्षी आला.

थोरली आई ओट्यावर पुढं सरकली.

"घास ठिवल्या ठिवल्या आला का?"

"न्हाई. लई येळ गेला. जमिनीचं सांगितलं, घराचं सांगितलं, तरी न्हाई."

"मग कशावर आला?"

सोपानरावांना सांगायला अवघड गेलं. "तुला अंतर देणार न्हाई म्हनलं, तवा."

"म्हंजी त्येच," म्हातारी म्हणाली. "कार्डात माझं नाव सुदिक घातलं न्हाई. मला वाटायचं, याद तरी हाय का न्हाई."

ती उठली. तांब्यातलं पाणी घेऊन तिनं कपाळ धुतलं, पदरानं पुसलं. कुंकू गेलं, पण इतक्या वर्षांचा काळपट गोल डाग तसाच राहिला. सोपानरावांची बायको सुमन रडत रडत डाग काढायला तेलाची वाटी घेऊन आली आणि डागाला बोट लावणार, तोच थोरल्या आईनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "चवदा वरसाची बघून गेल्यात. आता ह्या तोंडाला वळखायचं कशावरनं त्येंनी?"