चौकटीतला मालक

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या अकलेचं दिवाळं मी स्वतः छापून घेतलं आणि भर हायवेला टांगलं! तेही चार फुटी!

कुंभिवलीला माझी वडापावची गाडी आहे, शेजारी जैतूनचाचीची चहाची टपरी. गिऱ्हाईक म्हणजे कंपन्यांतली पोरं. खिशात दमडी नाही, सगळं मोबाईलवर.

ग्रामपंचायतीत मोबाईलवरून पैसे कसे घ्यायचे याचं शिबिर लागलं. चाची गेली. मी? हॅ! कपाळावरचा चष्मा गावभर शोधणारी ही बाई तिथे काय दिवे लावणार? आणि मला कोण शिकवणार?

चाचीने बिस्किटांच्या बरणीवर पैसे घ्यायचा बोटभर क्यूआर कोड चिकटवला. बँकेने मलाही तसाच दिला होता, पण असला भिकार कागद मी लावतो होय? गल्ल्यात फेकला. खोपोलीला जाऊन फ्लेक्स काढला. मोठ्ठा कोड आणि कोडाच्या मधोमध मी! गॉगल, गळ्यात चेन, हात जोडलेले.

फ्लेक्सवाला म्हणाला, "दादा, फोटो एवढा नको. कोड झाकतोय."

"मालक दिसायला नको? कर अजून मोठा!"

पहिल्याच दिवशी एक पोरगा मोबाईल धरून उभा. "काका, होत नाय."

"मागं सर."

"तरी नाय होत."

"अजून सर!"

सरता सरता तो रस्त्यावर गेला. टेंपोवाल्याने शिव्या घातल्या, त्याही मला! दुसऱ्याला म्हटलं, तुझा मोबाईल भंगार. तिसऱ्याला म्हटलं, रेंज नाय. सगळे वडापाव ठेवून चाचीकडे. तिने तर भजीसुद्धा काढायला घेतली!

आठवड्यात माझी कढई थंड. घरी सकाळ-संध्याकाळ उरलेले वडे. बायको कडाडली, "अवो, गाडी मोडून परत कंपनीत हमालीला जायाचं हाय का?"

"फ्लेक्स लहान पडतोय," मी म्हटलं. "आठ फुटी करतो."

हे ऐकून चाची चष्मा डोळ्यांवर ओढत आली. "भाऊ, लावलास तवा एक रुपया टाकून बगितलास का रं? आमाला शिबिरात पयलं तेच शिकवलं."

कसा बघणार? स्कॅन कुठून करतात, हेच मला माहीत नव्हतं!

चाचीने आपला मोबाईल माझ्या फोटोसमोर धरला. ढिम्म! बायकोने गल्ल्यातला चुरगळलेला कोड काढला, सरळ केला, गाडीच्या काचेवर लावला. चाचीने रुपया टाकला. टिंग! बाजूच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मेली लाज ती किती वाटावी!

गुपचूप फ्लेक्स सोडवला आणि चुलीत घालायला निघालो, तर चाचीने हात धरला.

"जाळू नको रं, मला दे. या तोंडानं माजा लय धंदा केला हाय!"