उपडा ग्लास, चांगला हात

"हिच्या डाव्या हातात काही दोष नाही," डॉक्टर म्हणाल्या. "अडचण हात हलण्याच्या आधी आहे."

माझी मुलगी मुक्ता तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झाली की हालचालींवर कायमचा परिणाम राहतो, त्याला हे नाव. मुक्ताच्या प्रकाराला हेमिप्लेजिया म्हणतात, म्हणजे शरीराची एकच बाजू अडलेली. तिची उजवी. उजवी मूठ पूर्ण उघडत नाही. डावा हात चांगला, असं आम्ही धरून चाललो होतो.

पण चांगल्या हातातूनही वस्तू पडत. म्हणून आम्ही धरमपेठेतल्या या क्लिनिकमध्ये गेलो होतो.

डॉक्टरांनी टेबलावर एक ग्लास उपडा ठेवला. "सुलटा करून यात पाणी ओतून घे." मुक्ताने तो नेहमीसारखा, अंगठा वर ठेवून धरला आणि फिरवला. मनगट पिळलं, कोपर हवेत गेलं, ग्लास कलंडला. पुन्हा तसंच. मग डॉक्टर मला म्हणाल्या, "आता तुम्ही."

माझा हात ग्लासापर्यंत जातानाच वळला. अंगठा खाली, म्हणजे ग्लास सुलटा झाल्यावर तो आपोआप वर येणार. मी काही ठरवलं नव्हतं. आयुष्यभर मी ग्लास असाच उचलत होते आणि हे मला माहीत नव्हतं.

"याला मोटर प्लॅनिंग म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "शेवटी हात कसा असेल ते मेंदू आधी पाहतो आणि तशी सुरुवात करतो. मुलांना हे वाढत्या वयात आपोआप येतं. हिच्यासारख्या काहींना येत नाही, चांगल्या हातालाही नाही."

"म्हणजे माझा हात पुढचं पाहतच नाही?" मुक्ताने विचारलं.

"उशिरा पाहतो. त्याला वेळ द्यायचा."

मुक्ताला वेळ हवाच होता, तो गांधीबागेच्या कापडबाजारात. माझे सासरचे मूळचे उमरेडचे विणकर. आता माझ्या दिरांचं या बाजारात कापडाचं दुकान आहे. तिला तिथे गिऱ्हाईक करायचं होतं. मांडणीत थानं, म्हणजे कापडाचे तागे, उभी असतात आणि गिऱ्हाइकापुढच्या गादीवर आणताना उलटवावी लागतात. तिने काढलेलं थान अर्ध्यात निसटे आणि कापड उलगडत जमिनीवर जाई. "तू बस वं पोरी," काका म्हणत. "थान मी काढतो, तू भाव सांग." तिला नुसतं बसायचं नव्हतं.

डॉक्टरांनी पहिलं काम मला दिलं. काही दिवस घरात काही बदलायचं नाही, फक्त बघायचं. मनीषनगरच्या आमच्या स्वयंपाकघरात मला दिसलं ते असं: मुक्ता पाणी प्यायला उठली की कोणीतरी ग्लास सुलटा करून ठेवी. वाढायच्या डावाचा दांडा तिच्याकडे वळवी. किल्ली कुलपात घालून देई. हे कोणाच्या लक्षातही येत नसे. पुढचा विचार तिच्या वतीने आम्ही करत होतो.

"यामुळे आजार झालेला नाही," डॉक्टरांनी स्पष्ट केलं. "फक्त सरावाची संधी कमी मिळाली."

मग ग्लास उपडे राहू लागले. वस्तूला हात लावण्याआधी मुक्ताने थांबायचं आणि शेवटी अंगठा कुठे असेल ते मनात पाहायचं. ऐकायला सोपं आहे. पहिल्या महिन्यात तिने दोनदा ग्लास भिंतीवर फेकला. बाकीच्यांना नुसतं बघत बसणंही जमेना. हळूहळू ग्लास जमला. पण ग्लास जमला म्हणून डाव जमत नाही. प्रत्येक वस्तू वेगळी शिकावी लागते. सेरेब्रल पाल्सी बरी होत नाही, हेही इथे सांगायला हवं.

दिवाळीआधीच्या गर्दीत काका एकदाचे म्हणाले, "काढ. पडलं त मी उचलीन."

एका बाईंनी वरचं जांभळं थान दाखवलं. मुक्ता उठली. डावा हात थानाजवळ जाऊन हवेतच थांबला. काका अर्धे उठले आणि बसले.

"काय झालं वं?" बाईंनी विचारलं.

"थांबा जी," मुक्ता म्हणाली, "हात विचार करून राहिला."

बाई हसल्या. अंगठा खाली वळला. थान निघालं, उलटलं आणि गादीवर आलं. काठ जरा तिरपा पडला होता. ते सरकू नये म्हणून मुक्ताने त्यावर उजवी मूठ ठेवली.

"याच्यातला हिरवा दाखव," बाई म्हणाल्या.

हिरवं थान काकांच्या हाताशी होतं. सवयीने त्यांनी ते तिच्यासाठी फिरवलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि होतं तसं परत मांडणीत उभं केलं.