लॉनच्या दाराशी माझा शेवगा होता

आमच्या गल्लीतल्या जागामालकानं मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही. मी फक्त सौदा केला होता, आणि सौदा माझ्या बाजूनं जरा जास्त चांगला झाला म्हणून त्याला फसवणूक म्हणत नाहीत. ज्यानं खड्डा रिकामा केला त्यानं फसवलं, आणि तो मी नव्हे.

मी हिंजवडीजवळच्या जांबे गावात जुनं फर्निचर घेतो आणि विकतो. हिंजवडीतला कंपनीवाला नोकरी बदलून बंगळूरला निघाला की त्याच्या घरातला पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन, देवघर, सगळं माझ्याकडे येतं. शनिवारी सकाळी ट्रक दारात उभा असतो, बायको मूल घेऊन गाडीत बसलेली असते, अशा वेळी माणूस किंमत सांगत नाही, विचारतो. मी कपाटाचं दार उघडतो, बंद करतो, तोंड वाकडं करतो आणि गप्प उभा राहतो. गप्प उभं राहण्यावर माझं दोन खोल्यांचं घर झालंय. मराठवाड्यातून आलो तेव्हा हातात खडी फोडायचा हातोडा होता, दुसरं काही नव्हतं. शेती आमच्या घराण्यात कुणी केली नाही. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण माझी फसगत नेमकी तिथंच झाली.

भाजी लावायचं खूळ भाजीवालीमुळे शिरलं. वर्षानुवर्षं मी तिच्याकडून भाजी घेत आलो आणि ती वर चार काड्या कोथिंबीर टाकत आली. एक दिवस टाकली नाही. मी हात पुढे करून उभा. ती म्हणाली, "कोथमीर महाग झालीया. तुमचं टेबल देता का मला फुकट?" माझ्या मागे माणसं हसली. मी पिशवीतली वांगीसुद्धा तिच्या पाटीत ओतून परत आलो आणि बायकोला सांगितलं, यापुढे आपल्या घरात विकतची भाजी येणार नाही.

"मग काय, प्लायवूड शिजवू?" बायको म्हणाली.

जागामालक आमच्या गल्लीच्या टोकाला राहतो. इथला जुना शेतकरी. भाताची खाचरं विकली, उरल्या जागेत भाड्याच्या खोल्या बांधल्या, आणि खोल्यांच्या बाजूला, रस्त्याला लागून, दोन गुंठ्यांचा एक तुकडा नुसता पडून होता. सगळे त्याला अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. तो मला पावनं म्हणतो. इतकी वर्षं झाली, माझी पोरं इथल्या शाळेत शिकली, तरी मी पावनाच.

मी गेलो आणि जागेचं भाडं विचारलं. पहिला आकडा त्यानं सांगावा म्हणून गप्प उभा राहिलो. त्यानं आकडाच सांगितला नाही.

"भाडं कशाला?" तो म्हणाला. "भाडं घेतलं की तुमी कूळ. कूळ झाला की जमीन तुमची, आन् माझी पोरं कोर्टाच्या पायरीवं."

"मग कागद करू."

"कागुद त्याहून वाईट. तुमी रान साफ करा, भाजी खावा. मला एक दमडी नको."

आमच्या भागातले जमीनवाले कूळ या शब्दाला जेवढे घाबरतात तेवढे सापाला घाबरत नाहीत. ते मला ठाऊक होतं. समोरचा घाबरलेला दिसला की मी अट घालतो. मी म्हणालो, "भाडं नाही, कागद नाही, ठीक आहे. पण मी जे लावीन ते खाऊन संपेपर्यंत जागा माझी. मध्ये तुम्ही उठवायचं नाही."

"व्हय. तुमी लावाल ते हाय तवर जागा तुमची. शब्द हाय माझा."

हात मिळवला आणि घरी येताना मी शीळ घालत आलो.

जागा काय होती ते सांगतो. पुढे घाणेरी, माणसापेक्षा उंच, काट्यांसकट. आत रानमोडी. त्याच्या खाली गाजरगवत, ज्याला हात लावला की रात्रभर अंग खाजतं. त्याच्याही खाली खोल्यांतल्या भाडेकरूंनी खिडकीतून फेकलेलं सगळं: बाटल्या, वेफर्सची पाकिटं, तुटकं हेल्मेट, पोरांचे मोजे, एक आख्खी गादी. गादी ओढून बाहेर काढली तर ती मीच विकलेली निघाली. वर लावलेलं माझ्या दुकानाचं स्टिकर अजून शाबूत होतं. घेणाऱ्याला मी ती दहा वर्षं टिकेल म्हणून दिली होती. गादी टिकलीच होती, गिऱ्हाईक टिकलं नव्हतं.

मी आणि बायकोनं दिवाळी झाल्यावर सुरुवात केली. सकाळी दुकान उघडण्याआधी मी कोयता घेऊन जायचो, ती खुरपं घेऊन. हात सोलले, गुडघे गेले, पाठीला बाम लावून लावून शर्टाला दवाखान्याचा वास बसला. शिव्या मी गवताला दिल्या आणि बायकोनं मला. अण्णा मात्र रोज यायचा, बांधावर उभा राहून तंबाखू मळायचा आणि सल्ला द्यायचा. तोही फुकट.

"पावनं, दगडं समदी काडा. एक बी ठिवू नका."

"पावनं, रान सपाट करा. पाणी समद्याला सारखं बसंल."

"वाफं कडंकडंनी घ्या. मधी मोकळं सोडा, मधलं ऊन लई कडक असतं."

"रस्त्याकडंचा बांध जरा फोडा की. शेणखताचा टेम्पो आत यायला बरं."

मला शेतीतलं काय कळतंय? मी दगड काढले, रान सपाट केलं, वाफे कडेला घेतले, मधलं मोकळं सोडलं, बांध फोडून टेम्पोला वाट केली. शेणखताचा टेम्पो एकदाच आला. त्या वाटेनं पुढे किती टेम्पो आले ते मी मोजायचं सोडून दिलंय.

मेथी उगवली तेव्हा मला भाजीवालीच्या समोरून जुडी मिरवत न्यावीशी वाटली, आणि मी नेली. ती म्हणाली, "बारीक हाय." असेल. माझी होती. त्या मेथीची भाजी खाताना मला एकदम सौद्याची आठवण झाली. मेथी महिन्यात संपते. वांगं वर्षभर तग धरतं. मग जागा वर्षभरच माझी? मी दुसऱ्या दिवशी पिरंगुट रस्त्यावरच्या नर्सरीतून शेवग्याचं रोप आणलं. शेवग्याला वर्षानुवर्षं शेंगा येतात. शब्द शब्दच असतो. लावलंय ते आहे तोवर जागा माझी.

लावायचा तो दिसेल असा लावावा म्हणून मी फोडलेल्या बांधाशी, म्हणजे तुकड्याच्या दाराच्या तोंडाला जागा धरली. खाली मुरूम होता. पहारीनं गुडघाभर खड्डा पाडायला रविवार गेला. शेणखत घातलं, रोप लावलं, भोवती आळं केलं.

अण्णा बांधावर आला. रोपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"शेवगा व्हय?"

"शेवगा."

"लई वर्सं जगतो."

"ऐकलंय तसं."

"लावा की," तो म्हणाला आणि हसला. तंबाखू तोंडात टाकून निघून गेला. समोरचा असा हसला की मी दुकानात वस्तू परत ठेवतो आणि सौदा मोडतो. त्या दिवशी मला वाटलं, म्हातारा हरला आणि हसून पचवतोय.

शेवग्यानं अंग धरलं, नवी पानं आली. मग एका सोमवारी पहाटे मला वाफ्यांना पाणी द्यायला जायचं होतं आणि बायको घरात नव्हती. नेसायची नवी साडी कपाटातून गेलेली. मी पाईप घेऊन तुकड्यावर गेलो, तर दाराच्या तोंडाला माणसं गोळा झालेली. माझ्या शेवग्याच्या जागी एक जाडजूड खांब उभा होता. त्याला आंब्याचे डहाळे बांधलेले, हळदीकुंकवाची बोटं उमटलेली, बुंध्याशी नारळ. अण्णाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि मांडवाची मुहूर्तमेढ माझ्या खड्ड्यात रोवली होती. पाच सवाष्णी तिची पूजा करत होत्या. त्यातली चौथी माझी बायको.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं कुंकवाचं बोट मेढीला लावलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आता इथं काही बोलू नका. शुभकार्य आहे."

"माझं झाड कुठंय?"

"मी आले तेव्हा मेढ उभी होती."

अण्णानं माझ्या कपाळाला टिळा लावला. "पावनं, पूजा झाल्याली मेढ काडत न्हाईत. लगीन होईस्तवर दम धरा."

माझं डोकं असं तापलं होतं की त्यावर मांडववाल्यांचा चहा उकळला असता. पण पूजा झालेल्या मुहूर्तमेढीला हात लावणारा माणूस या गावात पुन्हा पलंग विकू शकत नाही. लग्नघरचं वाईट चिंतलं म्हणून दारात कुणी उभं करणार नाही. ते अण्णाला माझ्याआधी कळलं होतं. मी पाईप गुंडाळला.

लग्न झालं. ज्या मधल्या उन्हाची त्याला काळजी होती तिथं स्टेज आलं. मेथीच्या वाफ्यावर जेवणाच्या पंगती. फोडलेल्या बांधातून टेम्पो, जनरेटर, घोडा, डीजे. माईकवाला अर्धा तास पुढाऱ्यांची नावं घेत राहिला, त्यातच आमचा नंबर लागला, कारण अण्णानं त्याच्या कानात सांगितलं. मला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. "जागेसाठी ज्यांचं मोलाचं सहकार्य लाभलं," माईकवाला म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायको शालीतला माझा फोटो काढत होती.

मांडव उतरला, मेढ निघाली. मी पहार घेऊन गेलो, नवं रोपही आणलं होतं. दाराला साखळी होती आणि वर फलक लागला होता: लॉन, हळदी, बारसं, वाढदिवस.

"अण्णा, शब्द दिला होता."

"दिला व्हता की. लावलंय ते हाय तवर जागा तुमची. दावा बरं काय लावलंय?"

"शेवगा होता."

"व्हता. आता हाय का?"

"उपटला कुणी?"

"मला काय म्हाईत. मांडववाल्याला इचारा."

मांडववाल्याला विचारलं. तो म्हणाला, खड्डा तयारच होता, मेढ मी सोडली, झाड बघितलं नाही. अण्णाच्या भावाला विचारलं. तो म्हणाला, ढोरानं खाल्लं असंल. मुळासकट खाणारं ढोर मी अजून बघितलेलं नाही, आणि अण्णाच्या गोठ्यात तर आता मोटारसायकली असतात. बायकोला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, आणि वर म्हणाली की लॉनवर पुढच्या महिन्यात आपल्या भाचीचं बारसं घेऊ, अण्णा आपल्याला कमीत देईल. मी त्या रात्री जेवलो नाही.

तर अण्णा, हे तुम्ही स्वतः वाचणार नाही, म्हणून तुमच्या सुनेला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, खोल्यांतले भाडेकरू ऐकत असताना. जागा मला परत मिळणार नाही, ते मला कळतं. कूळ व्हायचं नाही मला. पण रविवारी संध्याकाळी शेवगा त्या खड्ड्यात होता, मी स्वतः पाणी घातलं होतं, आणि सोमवारी उजाडायच्या आत नव्हता. मधल्या वेळात तिथं एक माणूस वाकला आणि त्यानं दोन्ही हातांनी बुंधा धरून ओढला. त्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. मारुतीच्या पारावर या, चार माणसं बसलेली असताना, आणि ते नाव घ्या.